हजेरी नोकराची, हिशेब सल्लागाराचा!

तांत्रिक लेखनात कंत्राटावर राबणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

हिंजवडीतल्या आपल्या एक सहकारी बाई अँजिओप्लास्टीनंतर रुग्णालयात असतानाच त्यांचे कंत्राट संपवण्यात आले. मेडिक्लेम नव्हताच. म्हातारपणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून त्यांनी बिल भरले. तुमचाही संताप झाला असेल, म्हणून तो उगाळत नाही. बोलायचे आहे ते या प्रथेबद्दल : रोज कार्यालयात बसवायचे आणि कागदावर मात्र सल्लागार ठरवायचे.

साडेनऊची हजेरी, रजेला मॅनेजरची परवानगी, रिलीझच्या आदल्या रात्री युजर गाइडसाठी जागरण. महिनाअखेरीस मात्र इन्व्हॉइस पाठवा आणि 10 टक्के टीडीएस कापून उरेल ते घ्या. पीएफ नाही, गटविमा नाही.

“तुमचा दर जास्त असतो,” हे ऐकून कान किटले. करू या हिशेब. शेजारच्या कायम लेखकाचा मूळ पगार 50,000 असेल, तर त्यावर 12 टक्क्यांनी कंपनीचा वाटा महिन्याला 6,000. वीस वर्षांत, व्याज सोडून, 14,40,000 रुपये. ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, मेडिक्लेम अजून धरलेच नाहीत. हे सारे भरून निघेल असा दर कोण देतो, त्याने पुढे यावे.

“स्वतःची पॉलिसी घ्या, एनपीएसमध्ये भरा.” घेतो आणि भरतोही. पण कंपनीच्या गटविम्यात जुना मधुमेह बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबवू शकतात. नव्या करप्रणालीत मालकाने एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेला मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत वजावट आहे, आपण स्वतः भरलेल्या रकमेला एका पैशाचीही नाही. फुकटचे सल्ले देणाऱ्यांनी आधी हे वाचावे.

“स्वातंत्र्य हवे म्हणून तुम्हीच निवडलेत ना?” सही करा, नाहीतर दुसरा उमेदवार तयार आहे, असे जिथे तोंडावर सांगतात, तिथे निवड कसली? हा निर्लज्जपणा आहे.

कामापुरती माणसे हवी असतात, हे आम्हालाही कळते. त्याची सोय कायद्यातच आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला तेच काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्यापेक्षा कमी लाभ देता येत नाहीत. ग्रॅच्युइटीही वर्षभराच्या सेवेवर मिळते. ही वाट सोडून सल्लागाराचा कागद पुढे केला जातो, तो केवळ पैसे वाचवण्यासाठी.

पुढचे नूतनीकरण येईल तेव्हा सहीआधी लेखी मागा : ठरावीक मुदतीची नियुक्ती, पीएफ खाते, गटविम्यात नाव. एकट्याने मागाल तर दार दाखवतील. म्हणून टीममधल्या सगळ्या कंत्राटी लेखकांनी एकाच अर्जावर सह्या करा, आणि कायम सहकाऱ्यांच्याही घ्या.