बायोडाटा पाठवण्याआधी उगवण तपासा



या सदरात आपण एरवी बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा असला तरी तुमच्या घरातलाच आहे. मुलगा किंवा मुलगी शिकून नोकरी शोधू लागली की बायोडाटा ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर मागवला जातो. तो कोणत्या प्रकारच्या फाईलमध्ये पाठवावा, हे मात्र कोणी नीट सांगत नाही.

प्रथम माझीच चूक सांगतो. आमच्या भागातील एका कांदा उत्पादक शेतकऱ्याच्या मुलीने कृषी पदविका घेतली. ठिबक संचाच्या एका कंपनीत जागा निघाली, तेव्हा मीच तिला म्हणालो, "झेरॉक्सच्या दुकानातून टाईप करून घे आणि लगेच पाठव." तिने तसे केले. पंधरा दिवसांनी ती आली आणि म्हणाली, "साहेब, उत्तरच नाही आलं." मी चौकशी केली. तिकडचे गृहस्थ म्हणाले, "फाईल उघडली, पण अक्षरे वाचताच आली नाहीत. म्हणून बाजूला ठेवली." तोवर जागा भरली होती. मुलगी हुशार, बापाने कांद्याच्या पैशातून फी भरलेली, आणि अडले कुठे, तर फाईलमध्ये!

झाले होते असे. दुकानातील मराठी टाईप जुन्या पद्धतीचा होता. ती अक्षरे ज्या संगणकात बसवलेली असतात तेथेच दिसतात. दुसरीकडे त्यांची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. म्हणून मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाईप करून घ्यावा. तुमच्या मोबाईलवर मराठी संदेश लिहिता, ती युनिकोडच असते. दुकानदाराला आधीच तसे सांगावे.

आता फाईलचे प्रकार पाहू.

वर्डची फाईल दुरुस्तीला सोयीची असते. पण दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडली की ओळी सरकतात, तक्ते मोडतात. पीडीएफचे तसे नाही. हा प्रकार १९९३ साली आला आणि २००८ पासून त्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता आहे. मजकूर जसा मांडला तसाच पलीकडे दिसतो. म्हणून कंपनीने काही सांगितले नसेल तर पीडीएफच पाठवावी. वर्डमध्ये काम झाल्यावर तीच फाईल पीडीएफ म्हणून साठवता येते, त्याला वेगळा खर्च नाही.

जाहिरातीत वर्डची फाईल मागितली असेल तर मात्र वर्डचीच द्यावी. नोकरी मिळवून देणाऱ्या काही संस्था तशी मागतात. मागणाऱ्याची अट पहिली, आपली सोय नंतर.

कागदाचा मोबाईलने काढलेला फोटो पाठवू नये. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जाऊन अक्षरे पुसट होतात. शिवाय मोठ्या कंपन्यांत बायोडाटा आधी संगणक वाचतो. फोटोतील, किंवा स्कॅन करून केलेल्या पीडीएफमधील मजकूर त्याला नेहमीच नीट वाचता येतो असे नाही. त्याच कारणाने रंगीत चौकटी आणि दोन-दोन रकाने टाळावेत; साधी, सरळ मांडणी ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. सरकारी अर्जात फोटो व सही यांचा आकार केबीमध्ये दिलेला असतो, तो तंतोतंत पाळावा.

फाईलला 'नवीन फायनल २' असे नाव देऊ नये. स्वतःचे नाव आणि पद इंग्रजी अक्षरांत लिहावे, म्हणजे शंभर फाईलींत आपली सापडते. वर्डची मूळ प्रत घरच्या बियाण्यासारखी जपून ठेवावी, पुढच्या अर्जाला तीच कामी येते. दुकानातील संगणकावर आपली फाईल मागे ठेवून येऊ नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरचे सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहतो. सत्तर उगवले तरच बी पेरतो. बायोडाट्याचेही तसेच करावे. आधी शेजाऱ्याच्या किंवा मामाच्या मोबाईलवर पाठवावा, त्यांनी तो उघडून पहिली ओळ आणि फोन नंबर वाचून दाखवावा. नीट वाचता आला, तरच कंपनीला पाठवावा. पाच मिनिटांचे काम आहे.

त्या मुलीने पुढच्या वेळी माझ्या मोबाईलवर उगवण तपासली, मगच अर्ज केला. या वेळी मुलाखतीचे बोलावणे आले. नोकरी मिळणे तिच्या अभ्यासावर आहे. पण तिचा कागद निदान वाचला गेला. एवढे तरी आपल्या हातात आहे.