टॅब कोणी निवडायचा?

शाळेत टॅब द्यायचा की लॅपटॉप, हे आपल्याकडे बहुतेकदा निविदेतच ठरून जाते. शिक्षकांच्या वाट्याला उरते ती खोकी उघडण्याची आणि पोचपावतीवर सही करण्याची कामगिरी. ही पद्धत किती महागात पडते, ते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसने पाहिले आहे.

तिथल्या शालेय मंडळाने २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आयपॅड देण्याची योजना आखली. एकूण खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे जाणार होता. यंत्र सगळ्यांना एकच; त्यातला अभ्यासक्रमही एकाच प्रकाशनसंस्थेचा, तोही अर्धवट. मुलांनी काही दिवसांतच सुरक्षेची बंधने काढून टाकली, याचीच बातम्यांत चर्चा झाली. खरी अडचण साधी होती. नव्या संगणकीय परीक्षांना कळफलक लागणार होता आणि आयपॅडला तो नव्हता. पहिलीतल्या मुलाचे आणि पानभर निबंध लिहिणाऱ्या अकरावीतल्या मुलीचे काम एकाच साधनावर भागणार नाही, हे कोणत्याही शिक्षकाने चहा पिता पिता सांगितले असते. कोणी विचारले नाही. २०१४ मध्ये कंत्राट थांबले, अधीक्षकांनाही पद सोडावे लागले. काही शाळांना वेगवेगळे लॅपटॉप पाहून निवडण्याची मुभा त्याच वर्षी मिळाली.

आपल्याकडचे उदाहरण नेमके उलटे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ते कुणाच्या परिपत्रकामुळे नव्हे. त्यासाठी अमुकच कंपनीचे यंत्र लागत नव्हते. ही कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि डिसले गुरुजींना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला.

तरीही ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, असे म्हणता येणार नाही. एका तालुक्यात दहा प्रकारची यंत्रे आली तर दुरुस्तीला माणूस मिळणार नाही. केरळने सरकारी शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअर वरूनच ठरवले. पण ते मुक्त असल्यामुळे मल्याळममध्ये आणता आले, धड्यांप्रमाणे बदलता आले, आणि इतरांना शिकवायला शिक्षकच प्रशिक्षक झाले. दुकानातले दहा पर्याय देण्यापेक्षा हे स्वातंत्र्य मोठे आहे. नकाराची मुभाही त्यातच येते. वहीत गणित सोडवणाऱ्या मुलाला पडद्याकडे ढकलण्याचे कारण नाही. दृष्टिहीन मुलाला मात्र मजकूर वाचून दाखवणारे साधन मिळायलाच हवे.

जिल्ह्याने तीन-चार पर्याय तपासून ठेवावेत, शाळांनी त्यांतला एक सत्रभर वापरून पाहावा आणि मग खरेदी व्हावी. दुरुस्तीचा पैसा त्याच मंजुरीत असावा. (वीजबिलाचाही. जोडणी तुटलेल्या शाळेत स्मार्ट टीव्ही म्हणजे भिंतीवरची काळी पाटीच.)

यासाठी नवा कायदा नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा विकास आराखडा करण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले आहे आणि महाराष्ट्रात त्या समितीत विद्यार्थ्यांनाही जागा आहे. कोणत्या वर्गाला, कोणत्या विषयासाठी, काय हवे, हे त्या आराखड्यात लिहून यावे. आणि ते वाचल्याशिवाय जिल्ह्याने निविदा काढू नये.