गोळीवर कायदा आला, उपचार कधी येणार?

ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ती १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. ही गोळी अफूच्या जातीची. सवय लागते, जास्त घेतली तर झटके येतात, श्वास मंदावतो. म्हणून नियंत्रणाला आमचा विरोध नाही.

पण ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेली गोळी घेणारा बाप आणि नशेसाठी तीच गोळी खाणारा पोरगा, दोघेही आपल्याच घरातले. एकाची वेदना आणि दुसऱ्याचे व्यसन, दोन्ही आजारच. याच कायद्याचे कलम ६४-अ सांगते, की अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येते. हा हक्क किती घरांना माहीत आहे?

डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानाचे बिल गोळ्यांसोबत जपून ठेवा. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका, आपली देऊ नका. सवय लागली असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.

पोलीस वस्तीत लगेच पोहोचतात. व्यसनमुक्तीचा डॉक्टरही जवळच्या सरकारी दवाखान्यात बसला पाहिजे. ही मागणी आपणच लावून धरू.