दुपारी घरात थांबा म्हणे. पण कोणत्या घरात?

एप्रिल उजाडला की मोबाइलवर तोच मेसेज फिरू लागतो. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. भरपूर पाणी प्या. सुती, सैल कपडे घाला. सरकारी खातं पाठवतं, नगरसेवक स्वतःच्या फोटोसकट पाठवतो आणि आपण तो फॅमिली ग्रुपवर ढकलून मोकळे होतो. सल्ला खोटा नाही. फक्त तो आपल्या घरांसाठी लिहिलेला नाही.

भिवंडीत आमचं घर दहा बाय बाराचं, वर पत्रा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या पत्र्याखाली रस्त्यापेक्षा जास्त उकडायचं. अब्बा लूमवर. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. जितका वेळ थांबाल तितके पैसे बुडाले. कारखान्यात पंखा नाही, कारण वाऱ्याने कापसाचे तंतू उडतात. खिडक्या बंद, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. सुताला दमट हवा मानवते, माणसाला नाही. आणि तिथे सोय आधी सुताची बघितली जाते. अशा माणसाला ‘दुपारी बाहेर पडू नका’ सांगायचं म्हणजे काय सांगायचं?

आधी उन्हाळा एकच नसतो, हे समजून घेऊ. आपलं शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. मालेगाव, नागपूर, चंद्रपूरची हवा कोरडी. पारा ४३-४४ वर जातो, पण घाम लगेच वाळतो. तिथला धोका हा की अंगातलं पाणी कधी संपत आलं ते कळतच नाही. भिवंडी, मुंब्रा, गोवंडी, रत्नागिरीत पारा बहुतेक वेळा ३४-३५ वरच असतो, पण हवा आधीच बाष्पाने भरलेली. घाम वाळत नाही, नुसता गळतो. उष्णता अंगातच राहते आणि रात्रीही सुटका नसते.

म्हणून उपायही एक नसतो. मालेगावात दिवसा खिडक्या बंद ठेवायच्या, ओला पडदा लावायचा, रात्री उघडायच्या. कूलर तिथे कामाचा. तोच कूलर मुंब्र्याच्या बंद खोलीत लावला तर खोलीतलं बाष्प वाढतं. तिथे समोरासमोर खिडक्या आणि पंखा हवा. उलट चाळिशीच्या पुढच्या कोरड्या उन्हात नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकतो. अंग ओलं केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

सरकारचं लक्ष मात्र पाऱ्यावर. हवामान खात्याच्या निकषात उष्णतेच्या लाटेचा विचारच सपाट प्रदेशात ४० अंशांपासून आणि किनाऱ्यावर ३७ पासून सुरू होतो. ‘उष्ण व दमट’ असाही इशारा आता दिला जातो, हे मान्य. पण त्या इशाऱ्यावर कोणता कारखाना पाळीची वेळ बदलतो? कोणता मुकादम बांधकामावर दुपारची सुट्टी देतो?

१६ एप्रिल २०२३ आठवा. खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा. पारा सुमारे ३८. नागपूरकर हसेल असा आकडा. पण हवा किनाऱ्याची, आणि लाखो लोक तासन्‌तास उन्हात. व्यासपीठावर छत होतं, समोरच्या लोकांवर नव्हतं. १४ जण दगावले. ते ‘आपले’ नव्हते असं कुणी म्हणू नये. छताखाली कोण आणि उन्हात कोण, एवढाच तिथला प्रश्न होता.

हाच प्रश्न मक्केतही होता. जून २०२४ च्या हजमध्ये मस्जिद-ए-हरामजवळ पारा ५१.८ वर गेला. सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले आणि त्यातले ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते, असंही सांगितलं. परवानाधारकांना थंड तंबू होते, बस होत्या. बाकीचे सावलीशिवाय मैलोन्‌मैल चालले. ऊन सगळ्यांवर सारखंच होतं. आपल्या मोहल्ल्यात मात्र ऐकू काय आलं? ‘नसीबवाले, पाक जमिनीत मौत आली.’ मरणाऱ्यांबद्दल दुआ जरूर करा. पण तंबू न मिळाल्याने आलेल्या मौतीला नशीब म्हणून झाकू नका. तंबू देणं-न देणं माणसांच्या हातात होतं.

आणि माणसांच्या हातात असलेलं माणसं बदलू शकतात. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक माणसं जास्त मेली. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय. २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरं पांढरी रंगवायला घेतली. पांढऱ्या छपराने घरातलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. यात रॉकेटचं विज्ञान नाही, चुना आहे.

आता स्वतःकडे बघू. आपण सरबताची सबील लावतो, फोटो टाकतो, सवाब कमावल्याचं समाधान घेतो. तहान भागते, चांगलंच आहे. पण उन्हात माणूस बरळायला लागला, त्याला शुद्ध राहिली नाही, तर तो उष्माघात असतो. त्याच्या तोंडात सरबत ओतू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. सबीलवर उभ्या असलेल्या आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे?

आणि आपल्या घरातल्या बायका? रात्री उकडलं की पुरुष उठून नाक्यावर, मैदानात, मशिदीच्या ओट्यावर जाऊन पडतो. अम्मी, बहीण, वहिनी पत्र्याखालीच. दिवसा चूल, वर घरबसल्या मणी ओवणं, धागे कापणं. मोहल्ल्यातली सगळ्यात थंड जागा बहुधा मशीद असते. उंच छत, पंखे, वजूचं पाणी. जुहर झाली की बऱ्याच ठिकाणी तिला कुलूप लागतं, आणि उघडी असते तेव्हाही अनेक ठिकाणी बाईला आत जागा नसते. सरकारला जाब विचारणाऱ्याने हे कुलूपही बघायला हवं.

तेव्हा तीन गोष्टी मागू. महापालिकेकडे: पत्र्याच्या घरांवर पांढरा रंग, आणि उष्णतेचा आराखडा पाऱ्यासोबत दमटपणाही मोजून. कारखानदाराकडे: मे महिन्यात दुपारची विश्रांती, मजुरी न कापता, प्यायला थंड पाणी, आणि भिंतीच्या वरच्या बाजूला गरम हवा बाहेर काढणारा पंखा. ट्रस्टींकडे: दुपारी बारा ते चार मशीद किंवा मदरशाचा हॉल उघडा, बायका-मुलांसाठी वेगळ्या जागेसह, आणि दार कुणाचाही धर्म न विचारता उघडं.

पहिल्या दोन मागण्यांना निवेदनं लागतील, चकरा लागतील, कदाचित वर्षं लागतील. तिसरीला फक्त किल्ली लागते. ती कुणाच्या खिशात आहे हे आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या जुम्म्याला नमाज झाली की चप्पल शोधत बाहेर पळू नका. थांबा आणि त्यांना विचारा.