महिमा बावन्नचा

जबलपूर रेल्वे स्टेशनाबाहेर ऑटोरिक्षांची रांग लागलेली असते. ‘कुठे जायचं?’ या प्रश्नाला प्रवासी देतात ती उत्तरं जरा कान देऊन ऐका. कुणाला राणीतालला जायचंय, कुणाला अधारतालला. कुणी मढाताल म्हणतं, कुणी हाथीताल, कुणी चेरीताल, तर कुणी फूटाताल. ताल म्हणजे तळं. नवख्या पाहुण्याला वाटावं, या गावात रिक्षाऐवजी होडीच करायला हवी होती! प्रत्यक्षात बहुतेक वेळा रिक्षा थांबते ती दुकानांच्या गर्दीत, नाहीतर एखाद्या कॉलनीच्या तोंडाशी. तळं उरलंय ते फक्त पत्त्यात.

एकेकाळी या शहरात बावन्न ताल होते, असं जबलपूरकर मोठ्या अभिमानानं सांगतात. पन्नास नाही, साठ नाही. नेमके बावन्न! हा आकडा आला कुठून? शोध घ्यायला निघालं की हा बावन्न शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यात भेटतो आणि तिथून थेट आपल्या मराठी घरात, सोनाराच्या पेढीवर आणि पत्त्यांच्या डावातही येऊन बसतो.

गढ, ताल आणि हत्ती

सुरुवात होते गोंड राजांपासून. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात गढा इथे संग्रामशाह राज्य करत होता. आजच्या जबलपूर शहराचाच हा जुना भाग. संग्रामशाहाच्या ताब्यात बावन्न गढ होते, अशी त्याची ख्याती. गढ म्हणजे नुसता किल्ला नव्हे, किल्ला आणि त्याच्याखालचा मुलूख. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून प्रसिद्ध असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन याच भागात नोकरीला होता. त्यानं गढा-मंडल्याच्या राजांचा इतिहास लिहून १८३७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हे बावन्न गढ येतात. गंमत म्हणजे कित्येक गढांपुढे गावांचा आकडा ३६० किंवा ७५० असा ठोकळच दिलेला आहे.

संग्रामशाहाची सून म्हणजे राणी दुर्गावती. पती दलपतशाहाच्या निधनानंतर अल्पवयीन मुलाच्या नावे तिनं राज्य चालवलं आणि २४ जून १५६४ रोजी अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना प्राण दिला. शहरातल्या तलावांशी तिचं नाव कायमचं जोडलं गेलंय. राणीचं ते राणीताल, तिच्या दासीचं ते चेरीताल आणि दिवाण आधारसिंह कायस्थाचं ते अधारताल, असं इथलं लहान मूलही सांगतं. राणीपाठोपाठ दासीच्याही नावानं तलाव असावा, ही गोष्ट जबलपूरकर खास कौतुकानं सांगतात.

पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे, मग नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ नंतर इंग्रजांकडे गेला. राज्यं बदलली, बावन्न मात्र हटला नाही. १९३९ च्या मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खानदेशातल्या फैजपूरचं १९३६ चं अधिवेशन पन्नासावं, १९३८ मधलं हरिपुऱ्याचं एक्कावन्नावं आणि त्रिपुरीचं बावन्नावं. हरिपुऱ्यात अध्यक्षांच्या रथाला ५१ बैल जोडले होते. त्रिपुरीत ५२ हत्ती सजले! पण ज्यांच्यासाठी हा थाट, ते सुभाषचंद्र बोस तापानं फणफणले होते. अखेर रथातून त्यांची तसबीर मिरवण्यात आली. पक्षातल्या मतभेदांमुळे एप्रिल संपता संपता सुभाषबाबूंनी अध्यक्षपद सोडलंही. राजकारणाचा तपशील पुसट झाला, तरी जबलपुरात आजही आठवण निघते ती बावन्न हत्तींची.

चार तेरा बावन्न

शहरात जैन समाज मोठा आहे. मेडिकल कॉलेजच्या परिसरात टेकडीवर ‘पिसनहारी की मढिया’ नावाचं प्रसिद्ध जैन क्षेत्र आहे. पिसनहारी म्हणजे दळण दळणारी. एका गरीब बाईनं जात्यावर लोकांची दळणं दळून, पै पै साठवून इथलं मंदिर बांधलं, अशी कथा आहे. याच परिसरात नंदीश्वर द्वीपाची रचनाही उभारलेली आहे. जैन मान्यतेप्रमाणे या द्वीपावर चारही दिशांना तेरा-तेरा जिनालयं आहेत. चार तेरा बावन्न! गुजरात-राजस्थानात मुख्य मंदिराभोवती देवकुलिकांची रांग असलेल्या ‘बावन जिनालयां’ची परंपराच आहे.

चार तेरा बावन्न हे गणित आणखी कुठे दिसतं? सुट्टीत पोरं सतरंजीवर बसून पिसतात त्या पत्त्यांत! चार रंग आणि प्रत्येकी तेरा पानं. आपल्याकडची जुनी दशावतारी गंजिफा १२० पानांची. सावंतवाडीत ती अजूनही हातानं रंगवली जाते. बावन्न पानांचा जोड आला तो युरोपातून. त्याचा आणि नंदीश्वर द्वीपाचा संबंध नाही. तरीही एक गंमत करून पाहा. एक्क्यापासून राजापर्यंत एका रंगाच्या पानांची बेरीज करा, म्हणजे गुलाम ११, राणी १२, राजा १३ धरून. बेरीज होते ९१. चार रंगांची मिळून ३६४. जोकरचा एक मिळवा, झाले वर्षाचे ३६५ दिवस! वर्षाचे आठवडेही बावन्नच. म्हणून पत्ते पंचांग पाहून बनवले असं सांगणारे भेटतात, पण हा सगळा योगायोगाचा खेळ आहे.

शीख परंपरेतही बावन्नला मान आहे. मुघलांच्या कैदेतून सुटताना गुरू हरगोबिंद यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून ५२ राजांना आपल्यासोबत सोडवून आणलं, अशी श्रद्धा आहे. त्यांचा अंगरखा धरून बाहेर पडतील तेवढ्यांनाच सोडण्याची अट होती. म्हणून गुरूंनी अंगरख्याला ५२ कळ्या लावून घेतल्या, असं सांगतात. शीख बांधव दिवाळीच्या दिवशी ‘बंदी छोड दिवस’ पाळतात तो याच आठवणीनं. नांदेडला ज्यांनी देह ठेवला त्या गुरू गोविंदसिंगांच्या दरबारी बावन्न कवी होते, असंही परंपरा सांगते.

अक्षरांचंही तेच. वर्णमालेतल्या एकेका अक्षरावर रचना करण्याच्या प्रकाराला उत्तरेत ‘बावन अखरी’ म्हणतात. कबीरांची अशी रचना गुरू ग्रंथसाहिबात आहे. आणि आपली मराठी? महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये वर्णमाला ठरवून दिली. स्वर १४, स्वरादी २, व्यंजनं ३४ आणि क्ष, ज्ञ ही विशेष संयुक्त व्यंजनं २. इंग्रजी शब्दांसाठी लागणारे ॲ आणि ऑ त्यात धरले आणि बेरीज भरली बावन्न!

मोजमाप की नाव?

मराठी घरात बावन्न शब्द कानावर पडतो तो सोन्याच्या निमित्तानं. कसोटीच्या दगडावर कितीही घासलं तरी उतरत नाही ते बावन्नकशी सोनं. माणूस सच्चा निघाला की तोही बावन्नकशी. महात्मा फुले यांच्या निधनानंतर सावित्रीबाईंनी त्यांच्या जीवनकार्यावर काव्य रचलं, त्याचं नाव ‘बावनकशी सुबोध रत्नाकर’. जबलपूरची हिंदीही याला जोडीदार देते. एखादी गोष्ट अगदी तंतोतंत बरोबर असली की तिकडे म्हणतात, ‘बावन तोले पाव रत्ती’. रतीचा पाव हिस्साही इकडचा तिकडे नाही!

पण याच भाषेत दुसरी म्हण आहे, ‘लंका में जो निकला सो बावन गज का’. इथे कुणी गज मोजायला बसत नाही. सगळेच एकापेक्षा एक थोर, एवढाच अर्थ. मध्य प्रदेशात बडवानीजवळ डोंगरात कोरलेली आदिनाथांची भव्य मूर्ती आहे. तिचं नाव बावनगजा. आजच्या तीन फुटी गजानं ती १५६ फूट भरायला हवी. प्रत्यक्षात ती ८४ फुटांची आहे. जुना गज म्हणजे हातभर, असा खुलासा केला जातो. शक्तिपीठं कुणी एक्कावन्न सांगतं, कुणी बावन्न.

याचा सर्वात बोलका पुरावा जबलपूरजवळच आहे. बावन वीर आणि चौसष्ट योगिनी ही लोककथांतली जोडगोळी. त्यातल्या योगिनींचं देऊळ भेडाघाटला, नर्मदेच्या संगमरवरी कड्यांजवळ टेकडीवर आहे. दहाव्या शतकाच्या सुमाराचं, कलचुरी राजांच्या काळातलं हे गोलाकार देऊळ ‘चौसष्ट योगिनी’ म्हणूनच ओळखलं जातं. आत जाऊन योगिनींची स्थानं मोजली तर ती भरतात ८१! तरी पाटी चौसष्टचीच.

म्हणजे हे आकडे मोजण्यासाठी नव्हतेच. ते नाव होतं. भरपूर, भरलेलं, कशाची कमी नसलेलं, हे सांगण्याची ती रीत होती. आपण नाही का म्हणत, ‘असे छप्पन्न पाहिलेत’? किंवा ‘त्याच्या सतराशे साठ भानगडी’? कुणी त्या भानगडींची यादी मागतं का?

पाणी कुठे गेलं?

पण जबलपूरच्या तलावांची यादी आता मागावी लागते, कारण तिथे प्रश्न पाण्याचा आहे.

मदनमहालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवरून उतरणारं पावसाचं पाणी अडवायचं, साठवायचं, आसपासच्या विहिरी त्यावर जिवंत ठेवायच्या, ही जुनी व्यवस्था. पुढे खंदारी, परियट आणि नर्मदेचं पाणी नळानं घरात आलं. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, हे चांगलंच झालं. पण तळ्याची गरज संपली, तशी काळजीही संपली. आधी गाळ साचला, मग कचरा पडला, पाणी येण्याच्या वाटा बांधकामांनी अडवल्या आणि कोरड्या पडलेल्या जागेवर प्लॉट पडले. आज भंवरताल म्हणजे बाग, राणीताल म्हटलं की आठवतं स्टेडियम, मढाताल म्हणजे बाजारपेठ. हनुमानतालासारखे काही ताल मात्र मंदिरं आणि वस्तीच्या गराड्यात तग धरून आहेत.

कायदा तळ्यांच्या बाजूचा आहे. उत्तर प्रदेशातल्या एका गावी तळ्याची जागा घरांसाठी वाटून टाकली होती. हिंचलाल तिवारी खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये ते वाटप रद्द ठरवलं. तळी ही साऱ्या समाजाची ठेव आहे, ती राखलीच पाहिजे, असं बजावलं. पण तळं वाचवायचं तर ते कोणतं, कुठलं, केवढं, हे आधी कागदावर हवं. ‘बावन्न होते’ एवढ्यानं भागत नाही. बावन्न म्हणजे पुष्कळ असाच अर्थ असेल, तर त्यातला एक बुजला काय नि दहा बुजले काय, बावन्नचा डौल कायमच राहतो! आकडा शाबूत दिसतो आणि पाणी कमी झाल्याचं कुणाच्या ध्यानातच येत नाही.

गढांच्या बाबतीत निदान कुणी तरी त्यांचा इतिहास लिहून ठेवला. तालांची तशी यादी प्रत्येक मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोक्यात आहे. कोणत्या घाटावर कपडे धुतले, कुठे पोहायला शिकलो, गणपती कुठे बुडवले, हे त्यांना अजून आठवतं. घरातल्या नातवंडांनी एखाद्या दुपारी आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसावं आणि एकेक नाव लिहून काढावं. भरले बावन्न तर उत्तमच. एकोणपन्नासच भरले तरी हरकत नाही. ती एकोणपन्नास नावं खरी असतील आणि त्यातलं एखादं बुजायला लागलं, तर कुणाच्या तरी लक्षात येईल.