अकराव्या पानावरचा समुद्र

आमच्या कॉलेजच्या पाच वर्षांच्या विकास आराखड्यात अकराव्या पानावर समुद्र होता. ‘किनारपट्टीवरील विद्यार्थ्यांसाठी रोजगाराभिमुख अभ्यासक्रम’ असं छान ठळक अक्षरात छापलेलं. कॉलेज धार जिल्ह्यातलं. जवळचं मोठं पाणी म्हणजे नर्मदा. नॅकच्या मूल्यांकनाची तयारी चालली होती आणि आराखडा कुठल्याशा दूरच्या कॉलेजच्या फाइलवरून उतरवलेला होता. गावाचं नाव तेवढं बदललं, समुद्र राहून गेला. समितीत मीही होते आणि खाली सही माझीही होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाला नावं ठेवायला मला तोंड नाही. ऑफिसातल्या बाबूंना ते पान दाखवलं, तर ते म्हणाले, “रहने दो मैडम, वहाँ तक पढ़ता कौन है?” आणि खरंच, कुणी वाचलं नाही.

भूगोल शिकवणाऱ्या बाईच्या सहीने हे गेलं, ही गोष्ट मला निवृत्तीनंतरही टोचते. आता ती पुन्हा आठवली ती इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या आराखड्यामुळे. यूजीसीने फेब्रुवारी 2024 मध्ये संस्थात्मक विकास आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेव्हापासून हा शब्द प्रत्येक कॉलेजच्या बैठकीत ऐकू येतो. नेमकं त्याच वर्षी आपल्या विद्यापीठाच्या पायाखालची जमीनही बदलली. 1964 साली इंदूर विश्वविद्यालय म्हणून ते सुरू झालं, 1988 मध्ये त्याला अहिल्याबाईंचं नाव मिळालं, आणि पुढे त्याचा पसारा झाबुआपासून बुऱ्हाणपूरपर्यंत गेला. 2024 मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विश्वविद्यालय आलं. खरगोन, बडवानी, खंडवा, बुऱ्हाणपूर आणि अलिराजपूर तिकडे गेले. इंदूर, धार आणि झाबुआ इकडे राहिले.

हे योग्यच झालं. बुऱ्हाणपूरच्या पोराने एका सहीसाठी इंदूर का गाठावं? पण कॉलेजं गेली की त्यांच्यासोबत संलग्नता शुल्क जातं, परीक्षा शुल्क जातं, आणि राज्य विद्यापीठाची चूल बरीचशी याच सरपणावर पेटते. उरलेलं सरपण म्हणजे स्वयंवित्त अभ्यासक्रम, म्हणजेच विद्यार्थ्याच्या बापाचा खिसा. (त्याच वर्षी आमच्या कुलपतींचे कुलगुरू झाले. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल, आमच्याकडे ते कुलाधिपती. पुण्याच्या बहिणीला हे समजावता समजावता माझा चहा निवतो.)

अशा वेळी आराखडा करणाऱ्यांची नजर खंडवा रोडने पुढे जाते. शहरात 1996 पासून आयआयएम आहे, 2009 पासून आयआयटी, आणि तिचा सिमरोलचा परिसर याच रस्त्यावर. मग आपणही ‘जागतिक दर्जा’, ‘उत्कृष्टता केंद्र’. मला हे शब्द आमच्या समुद्रासारखेच वाटतात. सिमरोलपर्यंत जायची गरज नाही. तक्षशिला परिसरातून बाहेर पडून भंवरकुआँला यावं. 2021 मध्ये या चौकाला याच टंट्या मामाचं नाव दिलं, तरी रिक्षावाला अजून भंवरकुआँच म्हणतो. तिथे गल्लोगल्ली ‘लायब्ररी’च्या पाट्या आहेत. आत पुस्तकं नसतात. महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची, एक दिवा आणि मोबाइलला एक प्लग मिळतो. बी.ए.ला कुठेतरी नाव घालून ठेवलेली मुलं तिथे पीएससीचा अभ्यास करत रात्र काढतात. ज्या पोराला विद्यापीठाच्या दारात बसायला खुर्ची भाड्याने घ्यावी लागते, तो त्या आराखड्यात कुठल्या पानावर आहे?

आपल्या इंदूरला आराखडे कसे करावेत हे शिकवणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी येऊन गेला. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस. तुकोजीराव होळकरांच्या दरबारासाठी त्याने 1918 मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला, आणि त्यात शहराबरोबरच मध्य भारताच्या एका विद्यापीठाचाही प्रस्ताव मांडला. विद्यापीठ यायला पुढे 46 वर्षं लागली, तो भाग वेगळा. गेडीसची पद्धत साधी होती, आधी हिंडायचं आणि मग आखायचं. तो गल्लीबोळ पायी तुडवायचा, विहिरी बघायचा, घर पाडण्याआधी ते का तसं बांधलंय हे विचारायचा. प्लेगच्या दिवसांत त्याने दिवाळीची मिरवणूक काढायची ठरवली, आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातली घरं सर्वांत स्वच्छ, तिथून जाणार. लोकांनी घरं झाडली, डागडुजी केली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि सफाई कामगारांना मान होता. स्वच्छतेच्या क्रमवारीत वर्षानुवर्षं पहिलं आलेल्या आजच्या इंदूरला ही गोष्ट फार कुणी सांगत नाही. पुढे 1919 मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि समाजशास्त्रज्ञ घुर्ये त्याच्या हाताखाली शिकले. नुसत्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांवर त्याचा राग होता. आज आला तर आमची वेळापत्रकं बघून काय म्हणेल, हे मी इथे लिहीत नाही.

मला विद्यापीठाकडून हवंय ते एवढंच, की आराखड्याची पहिली पन्नास पानं हिंडून लिहावीत. झाबुआला भगोरियाचे हाट होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतात. गुजरातेत मजुरीला गेलेली कुटुंबं तेव्हा घरी येतात. त्या आठवड्यात वर्ग ओस पडतो, आणि आम्ही हजेरीपटावर लाल शेरे मारतो. वर्षाचं कॅलेंडर हे बघून आखायला काय हरकत आहे? शिवाय आराखडा एका माणसाचा नाही, विद्यापीठाचा आहे, हेही कागदावर ठरवून घ्यावं. 2019 मध्ये विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेश परीक्षा फसली, सरकारने विद्यापीठ कायद्याचं कलम 52 लावून कुलपती हटवले, आणि तीन वर्षांत विद्यापीठ सीयूईटी या केंद्रीय प्रवेश परीक्षेकडे वळलं. वरची माणसं अशी बदलणारच. ठरलेल्या तारखेला निकाल लागणं आणि रिकाम्या जागांवर शिक्षक येणं, हे कुणाच्या स्वप्नावर टांगून ठेवता येत नाही.

हिंडण्याचा एक छोटा प्रयोग मी केला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मध्य प्रदेशाचा भिंतीवरचा नकाशा दिला. आपलं गाव आहे तिथे हिरवी टाचणी लावायची, आणि आईवडील आज जिथे आहेत तिथे लाल. हिरव्या टाचण्या झाल्या. लाल लावायला एक मुलगी उठली, नकाशाच्या डाव्या कडेपाशी थांबली आणि म्हणाली, “मॅडम, राजकोट इसमें नहीं है.” मग आम्ही शेजारी गुजरातचा नकाशा चिकटवला. दुपारपर्यंत लाल टाचण्या त्याच्यावरच जास्त होत्या. दोन्ही नकाशे सहा महिने वर्गात होते. नॅकची टीम यायच्या आधी भिंतींना रंग दिला तेव्हा ते काढले, आणि टाचण्या बाबूंनी डबीत भरून कपाटात ठेवल्या.