सी-एच-ए-आय



मागच्या रविवारी शुगर लँडच्या इंडियन ग्रोसरीत तूरडाळ आणि कोकमं घ्यायला गेलो होतो. बरोबर आमचे तेरा वर्षांचे चिरंजीव होते. अंगात कँपहून आणलेला टी-शर्ट, त्यावर इंग्रजी अक्षरांत मोठं ‘अम इस्राएल हाय’. म्हणजे इस्राएल लोक जिवंत आहेत. पण ‘हाय’चं स्पेलिंग सी-एच-ए-आय. काउंटरवरच्या बाईंनी कौतुकाने वाचलं, “अ‍ॅम इस्राएल चाय! कुठल्या कंपनीचा चहा हो हा?”

आम्ही हसलो. चिरंजीव मात्र लालबुंद.

बाईंची चूक म्हणावी तर तसंही नाही. त्यांच्या मागच्या फळीवर सी-एच-ए-आय लिहिलेले पुडे रांगेने लावले होते. चार अक्षरं तीच. एकीकडे दूध-आलं घालून उकळलेला चहा, दुसरीकडे हिब्रूतलं ‘जिवंत’. हेत म्हणजे आठ, योद म्हणजे दहा, मिळून अठरा. म्हणून तर बार मित्झवाच्या पाकिटांत अठरा, छत्तीस, चोपन्न अशा डॉलरचे चेक निघाले. चिरंजीवांना हा हिशेब आमच्याहून चांगला कळतो.

घरी येताना गाडीत खेळ सुरू झाला, सी-एच चे शब्द शोधायचे. चर्च आणि चेअरमध्ये च. स्कूल, कोरस, केमिस्ट्रीत क. शेफ, मशीन, शिकागोत श. आणि ‘यॉट’मध्ये सी-एच आहे, पण तोंड उघडत नाही. इंग्रजांवर 1066 साली नॉर्मन लोकांचं राज्य आलं, त्यांच्या कारकुनांनी च साठी सी-एच लिहायची पद्धत रुजवली. ग्रीक शब्द लॅटिनमार्गे आले ते आपला क घेऊन आले. पुढे फ्रेंचांच्या तोंडी च चा श झाला, त्यानंतर उचललेले शब्द श घेऊन आले. आपल्याकडून गेलेल्या चटणी, चित्ता, चिठ्ठीने मात्र तिकडेही च सोडला नाही. म्हणजे हे स्पेलिंग म्हणजे एक चाळच. दार एक नंबरचं, आत बिऱ्हाडं वेगवेगळी.

आपण तरी कुठे सरळ आहोत? ‘चहा’तला च वेगळा, ‘चूल’मधला वेगळा, अक्षर एकच. आम्हांला कुणी शिकवलं नाही, आईच्या तोंडून ऐकलं तसं बोललो.

आणि गावाचं नावच घ्या ना. शब्दाच्या सुरुवातीच्या एस-यू ला शु म्हणायचं ते मुख्यतः शुगर आणि शुअर ह्या दोन शब्दांत आणि त्यांच्या गणगोतात. बाकी बहुतेक ठिकाणी स. साखर शब्दाचं मूळ संस्कृत ‘शर्करा’, तेव्हा हा श तिथूनच आला असं सांगायचा मोह आम्हांला फार झाला होता. पण तसं नाही. शब्द फारसी, अरबी, फ्रेंच करत स घेऊनच इंग्रजीत पोचला, श तिथे गेल्यावर झाला. हिब्रूतही साखर ‘सुकार’च. इंपीरियल शुगरची रिफायनरी 2003 मध्ये बंद झाली, पण तिचं आठ मजली विटांचं चार हाउस अजून उभं आहे. साखर शुभ्र करायला हाडांच्या कोळशातून गाळत, ती ही इमारत. चिरंजीव लहानपणी विचारत, चार मजलेच का नाहीत?

असो. हसण्यावारी नेलेली ही गोष्ट शुक्रवारी संध्याकाळी अंगावर आली.

आमची आई सध्या अलिबागहून आली आहे. किद्दुशला तिनेच मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत केलं होतं. प्रार्थना म्हणता म्हणता ‘साव्री मारानान’ आलं आणि आई नेहमीसारखी ठसक्यात म्हणाली, “लेहाईम!” चिरंजीव तिथल्या तिथे, “आजी, ह नाही गं. ख. घशातून, असा. आमच्या टीचर म्हणतात, ह म्हणणं चूक आहे.” आई काही बोलली नाही. पण पुढचं सगळं तिने ओठांतल्या ओठांत म्हटलं. ऐंशी वर्षं जी बाई घरात सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणते, तिचा आवाज आम्हांला ऐकू आला नाही.

रात्री आम्ही पुस्तकं काढली. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे केहिमकर. त्यांचं नाव इंग्रजीत एच ने छापलेलं, हाईम. सी-एच चा पत्ता नाही. मुंबईत 1796 साली आपली पहिली मशीद बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर, ज्यांना लोक सामाजी हसाजी म्हणत. यहेज्केलचा हसाजी झाला, म्हणजे हेतचा कोकणात ह झाला, ख नाही. आणि हे काही आपल्या शनिवार तेल्यांचं अडाणीपण नव्हे. हेत हे जुन्या काळी घशाच्या तळातून येणारं ह च्या जातीचं अक्षर. येमेनी यहुदी अजून तसं म्हणतात, हेत वेगळं आणि खाफ वेगळं. दोन्ही एकसारखी ख म्हणायची ही युरोपातल्या यहुद्यांची रीत, तीच इस्राएलमध्ये बहुतेकांची झाली. त्यांच्या परीने तीही खरी. पण आईचा ह काही वर्गात नापास व्हायचा ह नाही.

शनिवारी हे सगळं चिरंजीवांना सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि एकच विचारलं, “मग सी-एच का लिहितात?” आम्ही म्हटलं, जर्मन लिहिण्याची सवय. इंग्रजीत ह्या आवाजाला अक्षरच नाही, कुणी एच लिहितं, कुणी सी-एच. म्हणून तर हनुक्का डझनभर तऱ्हांनी लिहितात. 2013 मध्ये स्पेलिंग बीचा शेवटचा शब्द ‘क्नेडल’ होता, मात्झाच्या गोळ्याचा यिडिश शब्द. न्यूयॉर्कच्या एका भारतीय मुलाने तो बरोबर सांगितला, पण खुद्द यिडिशचे पंडित म्हणाले, आम्ही असा लिहीतच नाही!

ह्यावर ते खूश झाले. उठून आजीकडे गेले. आत काय बोलणं झालं ते आम्हांला माहीत नाही, फक्त आईचा आवाज आला, “अरे, आमच्या वाडीत ‘आहे’ला ‘हाय’च म्हणतात. इस्राएल लोक हाय. आता ह्यात काय चुकलं?”

भाषेच्या दृष्टीने ह्या दोन ‘हाय’चं काही नातं नाही, हे आम्ही तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

पुढच्या शुक्रवारी सरबत पुन्हा झालं. लेहाईम दोघांनी एकदम म्हटलं, तिने ह ने, त्याने ख ने, आणि दोघंही मोठ्याने.

वाचकहो, तुमच्या घरी मोठी माणसं हेत कसं म्हणत? पेणचे, रोह्याचे, चेऊलचे, सगळ्यांनी कळवा. विशेषतः चेऊलकरांनी. त्यांच्या आडनावाचा सी-एच अमेरिकेत कोणकोण कसा वाचतं, तेही जरूर लिहा.